चपला कडुलिंबाखाली

मनिषा गजभारेच्या लॅपटॉपमध्ये तीस बायका राहत होत्या आणि त्या सगळ्या फार गुणी होत्या. घंटा वाजली की हातातलं काम खाली ठेवायच्या, जवळचं दार बघायच्या आणि एकमेकींना धक्का न लावता, एक शब्द न बोलता बाहेर पडायच्या. बोलणार तरी कशानं? एकेक बाई म्हणजे पडद्यावरचा एकेक निळा ठिपका. नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत मनिषानं लोह्यापासून चाकूरपर्यंत त्यांना इतक्या वेळा पळवलं, की शेजारच्या आजोबांना शेवटी राहवलं नाही.

"ताई, मुंग्यांचा गेम हाय का? आमचा नातू बी असलंच कायबाय खेळतो."

"गेम नाही आजोबा. आग लागली तर माणसं किती वेळात बाहेर पडतील, त्याचा हिशोब आहे."

आजोबांनी वाकून बघितलं. "मंग ह्या तर पडल्या की."

"दोन मिनिटांत," मनिषा जरा ऐटीत म्हणाली.

"आमच्या घरची बाई लग्नातून निघते म्हणल्यापासून अर्धा तास मांडवातच असते," आजोबा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मनिषाला हसू आलं, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, हे तिला दोन दिवसांनी कळायचं होतं.

नांदेडच्या एका लहानशा फर्ममध्ये ती आगीची गणितं करायची. धूर किती वेगानं पसरेल, छताला लागून खाली कधी उतरेल, तोवर माणसं कुठपर्यंत पोचलेली असतील, हे सगळं आग न लावता कॉम्प्युटरवर बघायचं. आजवर गणित तिचं आणि सही संगमेश्वर सरांची, असा रिवाज होता. या वेळी सर म्हणाले होते, "लातूरचं काम तुझं. सहीपण तुझीच." तेव्हापासून मनिषा कागद दिसला की कोपऱ्यात सही गिरवून बघत होती.

काम होतं शेषेराव बिडवे यांच्या डाळमिलचं. मिलच्या पॅकिंग हॉलमध्ये तीस बायका तूरडाळीची पाकिटं भरायच्या. हैदराबादची एक मोठी कंपनी ही डाळ वर्षभर घ्यायला तयार होती, पण तिच्या दोन अटी होत्या. एक, आग लागली तर हॉल तीन मिनिटांत रिकामा झाला पाहिजे. दोन, माल सांगितल्या दिवशी पोचला पाहिजे. दोन्ही बघायला कंपनीचे मडिवाळप्पा नावाचे साहेब शुक्रवारी येणार होते. ऑर्डर मिळाली तर हॉल चालणार. नाही मिळाली तर शेषेराव हॉलला कुलूप लावून डाळ सुटी, पोत्यांनीच विकणार होते. पोती भरायला हमाल पुरतात. तीस बायकांचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारी सकाळी मनिषा मिलमध्ये पोचली, तेव्हा पहिला चहा तिला नागुबाईनं दिला. नागुबाई हॉलमधली सगळ्यात जुनी बाई. गुडघे दुखरे आणि जीभ ठणठणीत.

"गजभारे म्हंजे नांदेडच्याच का गं तुमी?"

"हो मावशी. जय भीम."

"जय भीम, माय. आन् हे आगीचं शिकलीस व्हय! आमच्यात कुणी आग लावायचं शिकतंय, इजवायचं कोण शिकतं?"

हॉलची सुपरवायझर सुकन्या बाजूलाच पाकिटांचे खोके मोजत होती, ती हसली. मनिषाचीही भीड चेपली आणि चहाच्या भरात ती जे बोलायला नको ते बोलून गेली. की ही तिच्या सहीची पहिलीच फाइल आहे. की तिचं गणित दोन मिनिटं म्हणतंय. की खरी माणसं खरोखर दोन मिनिटांत बाहेर पडली, तर गणित बरोबर, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. नागुबाई कपाच्या वरून तिच्याकडे बघत होती. "पाण्यात कशाला जातीय," एवढंच म्हणाली.

दुपारी घंटा वाजली. बायका उठल्या. अर्ध्या पुढच्या दारानं, अर्ध्या मागच्या दारानं, शाळेच्या प्रार्थनेला निघाल्यासारख्या बाहेर आल्या. मनिषानं घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. ना इकडे, ना तिकडे. तिनं मोबाइलवर सगळं चित्रीकरण केलं होतं, ते लगेच संगमेश्वर सरांना पाठवलं. शेषेरावांनी पेढे मागवले. नागुबाईनं मनिषाच्या डोक्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी मनिषा औसा रोडवरच्या आपल्या लॉजवर भजी खात तोच व्हिडिओ कौतुकानं पुन्हा बघत होती. तिसऱ्यांदा बघताना भजं हातातच राहिलं.

बायकांच्या पायांत चपला होत्या.

सकाळी ती हॉलमध्ये गेली, तेव्हा तिचेच सँडल तिनं दाराशी काढले होते. ते कुणी सांगायची गरजच नव्हती. खाली डाळ सांडलेली असते, धान्यावर चप्पल घालून पाय द्यायला कुणाची छाती होते? दाराशी साठ चपलांचा ढीग होता. आणि व्हिडिओत मात्र तीसच्या तीस बायका टेबलापासूनच चपला घालून निघाल्या होत्या. आग लागेल त्या घटकेची वाट बघत, चपला घालून, डाळ भरत बसलेल्या!

दुसऱ्या दिवशी तिनं सुकन्याला गोदामाच्या कडेला गाठलं.

"सुकन्या, घंटा वाजणार हे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"न्हाई ताई," सुकन्या म्हणाली. मग मान खाली घातली. "हाव. म्हंजे, शेषेरावअण्णांनी सांगितलं होतं. पण सराव आमचा आम्हीच केला. तुमी जेवायला गेल्ता तवा."

"सराव?"

"तीनदा," मागून नागुबाई येत म्हणाली. तिच्या आवाजात लाज कमी आणि अभिमान जास्त होता. "पहिल्यांदा तर एका मिनिटातच झालं. मंग म्हणलं, पोरीचं गणित दोन म्हणायलंय. म्हणून सुकन्यानं दारात हात आडवा धरला. घड्याळ बघून सोडलं आमाला."

मनिषा खाली रिकाम्या पोत्यांच्या बारदान्यावर बसली. हसावं की रडावं, हे तिला ठरवता येईना. ज्या चाचणीनं गणित तपासायचं, त्या चाचणीनंच तिच्या गणिताची नक्कल केली होती. आणि तीही किती मायेनं! दारात हात आडवा धरून.

"मावशी, असं का केलंत?"

"आता गं! घरी पाव्हणी आली तर भाकर करपलेली वाढावी का? आपली पोरगी पहिल्यांदा सही करायली. तिचं चुकलं असं आमच्यामुळं व्हावं व्हय?"

मनिषानं नागुबाईचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, सोडला. मग सुकन्याला सोबत घेऊन शेषेरावांकडे गेली आणि म्हणाली, "आज पुन्हा घंटा वाजवणार. कधी ते तुम्हालाही सांगणार नाही."

"मला बी?" शेषेराव दुखावले. "मालक मी हाय ना?"

"तुम्हाला तर अजिबातच नाही, अण्णा."

घंटा वाजली ती ऐन कामात. आणि मग मनिषानं जे बघितलं, ते तिच्या लॅपटॉपमधल्या कुठल्याच ठिपक्यानं आजवर केलं नव्हतं. पहिली बाई धावत दारापर्यंत आली आणि थांबली. खाली बघितलं. उजवी चप्पल सापडली, डावी ढिगाखाली. तिच्यामागची तिच्या पाठीवर आदळली. तिनंही खाली बघितलं. मागून हाकाटी सुरू झाली.

"अगं ती माझी हाय, निळ्या पट्ट्याची!"

"तुझी तुटलेली, ही नवी माझी!"

"सरका की गं, आग लागलीय आग!"

"कुठं लागलीय? चप्पल दे आधी!"

निम्म्या जणी मागच्या दाराकडे पळाल्या आणि तितक्याच वेगानं परत आल्या. मागचं दार उघडेचना. बाहेरून त्याला बारदान्याच्या गाठी छातीपर्यंत टेकवलेल्या होत्या.

शेवटची बाई बाहेर आली, तेव्हा सहा मिनिटं झाली होती. शेवटची बाई नागुबाई. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात कुणाची तरी. "हे माप न्हाई माझं," असं ती सगळ्या जगाला सांगत होती. अंगणात, कडुलिंबाखाली, 'येथे एकत्र जमावे' असा हिरवा फलक होता. तिथं एकच प्राणी जमला होता, तो म्हणजे मिलचा कुत्रा.

मनिषाच्या गणितानं हॉलमध्ये धूर डोक्याशी यायला चार मिनिटं दिली होती.

"सहा म्हंजे तीनपेक्षा लई का?" शेषेरावांनी विचारलं. गणित त्यांना येत होतं. त्यांना फक्त दुसरं उत्तर हवं होतं.

"अण्णा, मागच्या दाराला बारदाना कुणी लावला?"

"काल संध्याकाळी ट्रक आला बघा. एक न्हाई, दोन. गोदामात जागा कुठाय? म्हणलं, दोन दिवस टेकवून ठेवा." शेषेराव खुर्चीत बसले. "चूक त्या नांदेडच्या बजरंगशेठची हाय. मला महिन्याला दहा गाठी लागतात. मागितल्या की हा पाच पाठवतो. म्हणून मी वीस मागतो. तर ह्यानं वीसच्या वीस पाठवल्या, वर मागच्या महिन्याच्या राहिलेल्या दहा!"

मनिषानं तिथूनच बजरंगशेठना फोन लावायला लावला. स्पीकर चालू होता.

"बजरंगशेठ, दहा मागितल्या की पाचच का पाठवता तुमी?"

"शेषेराव, तुमी दहा म्हणलाव की पाचच लागतात, हे मला माहीत हाय ना. सगळे लातूरवाले दुप्पट मागतात. कोलकात्यावाल्यांना बी हे माहीत हाय, म्हणून ते मला निम्मं देतात, म्हणून मी त्यांना तिप्पट मागतो. ह्या बारीला त्यांना काय झालं कुणास ठाऊक, सगळंच पाठवलं. मी तर डोकं धरून बसलोय. माझ्या जिन्यात बारदाना हाय."

मनिषा मधे म्हणाली, "शेठ, सगळ्यांनी खरा आकडा सांगितला तर?"

"कोण बोलायलंय?" बजरंगशेठ म्हणाले. "नवीन दिसतात ताई."

पण दहा म्हणजे दहाच, असं ठरलं. शेषेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लागतो तेवढाच बारदाना मागितला आणि बजरंगशेठनी आयुष्यात पहिल्यांदा मागितला तेवढा द्यायचं कबूल केलं. दोघांनाही ते इतकं अवघड गेलं, की फोन ठेवल्यावर शेषेरावांनी पाणी मागवलं.

पाणी पिऊन मात्र ते मूळ गोष्टीवर आले. "ताई, एक सांगू का? कालचा व्हिडिओ बी खराच हाय की. त्याच्यात दोन मिनिटं दिसतात. तेवढंच लिवा. बारदाना मी हलवतो, शप्पथ. पण सहा लिवलं, तर मडिवाळप्पा उठून जाईल. मंग ह्या तीस जणींना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच अवघड होतं. मनिषा अंगणात आली. दोन लिहिलं तर हॉल वाचेल, आणि एखाद्या दिवशी खरीच आग लागली तर हॉलमधल्या बायका वाचणार नाहीत. सहा लिहिलं तर उलट. तिचे ठिपके कधीच भाजत नाहीत, म्हणून ते इतके गुणी. बायका दारात पायरीवर बसून आपापल्या चपला जुळवत होत्या. तिला वाईट वाटू नये, म्हणून आज सगळ्या फार हळू बोलत होत्या. गणित चुकलं याचं सुतक त्यांनीच धरलं होतं.

ती नागुबाईशेजारी बसली. "मावशी, खरं सांगा. आग लागली तर चपलेसाठी थांबाल?"

नागुबाईनं विचार केला. "आग बघून न्हाई थांबणार. पण दारात आलं की पाय आपसूक थांबतेत, नजर खाली जाती. जल्मभराची सवय हाय. पायाला कुठं कळतंय, आग हाय का सुट्टी हाय?"

मनिषानं दाराकडे बघितलं. मग चपलांच्या ढिगाकडे. मग अंगणापलीकडच्या कडुलिंबाकडे, जिथं फलक होता आणि कुत्रा झोपला होता.

"पाय चपलेपाशीच थांबतात ना?"

"हाव."

"मग चपलाच तिथं ठेवल्या तर? लिंबाखाली? रोज. पाय थांबायचे तर तिथं जाऊन थांबतील."

सुकन्या उठूनच उभी राहिली. "आन् तिथंच तर जमायचंय!"

"थांबा गं," नागुबाई म्हणाली. "लिंबापसून हॉलपतूर रोज अनवाणी यायचं? चैत हाय. फरशीवर पापड भाजून निघंल."

तिघींची नजर एकदमच मागच्या दाराकडे गेली. तिथल्या गाठींना आता तसंही कुणी वाली नव्हता.

"नवा बारदाना पायाखाली?" शेषेराव खिडकीतून ओरडले. ते सगळं ऐकत होते.

"हैदराबादच्या पाव्हण्याच्या स्वागताला आथरला म्हणा, अण्णा," नागुबाईनं उत्तर दिलं.

शुक्रवारी मडिवाळप्पा आले. पन्नाशीचे, शांत, बिदरकडचे. जाड चष्मा आणि त्याहून जाड फाइल. शेषेरावांच्या ऑफिसात बसून त्यांनी मनिषाचा रिपोर्ट वाचायला घेतला. तो ती सगळा लिहून बसली होती. फक्त सहीची जागा तिनं कोरी ठेवली होती. पहिली चाचणी: दोन मिनिटं, आधी सराव केलेली, म्हणून धरू नये. दुसरी चाचणी: सहा मिनिटं, न सांगता घेतलेली. कारणं: चपला दारात, बारदाना मागच्या दाराला, आणि हे गणित करणारीनं माणसांचे पाय बघितले नव्हते. केलेले बदल खाली दिले आहेत. बदलांनंतरची चाचणी: बाकी.

मडिवाळप्पांचं बोट 'सहा'वर थांबलं. शेषेराव पंखा चालू असून घामानं भिजले होते. "साहेब, ते जुनं झालं," ते म्हणाले.

"अय्यो, जुनं कुठं? परवाचं तर आहे," मडिवाळप्पा म्हणाले. "चला, हॉल बघू."

हॉलच्या दारात त्यांनी बूट काढले. इथल्या माणसासारखेच, न सांगता. दारात आता चपला नव्हत्या, म्हणून त्यांचे लेसचे काळे बूट उंबऱ्याशी एकटेच उठून दिसत होते. आत जाऊन त्यांनी डाळ हातात घेऊन बघितली, टेबलांमधून मोजे घालून फिरले, मागचं दार ढकलून बघितलं. ते सुतासारखं उघडलं. बायका मान खाली घालून पाकिटं भरत होत्या. आणि कुणाला काही कळायच्या आत मडिवाळप्पांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

बायका उठल्या. या वेळी शाळेच्या प्रार्थनेसारख्या नव्हे, एकीच्या कोपराला दुसरीची बरणी लागली, कुणी "अगं माय" म्हणालं, एकीचा पदर खुर्चीत अडकला. पण दारात कुणी थांबलं नाही. बारदान्याच्या पट्टीवरून धपधप पाय वाजत लिंबाकडे निघाले. मागच्या दारानंही तसेच. आवाज ऐकून कुत्रा उठला आणि बाजूला झाला.

सगळ्यात मागे नागुबाई, गुडघ्यावर हात ठेवत. तिच्या पुढे मडिवाळप्पा, घड्याळ हातात घेऊन. उंबऱ्याशी आले आणि थांबले. खाली बघितलं. वाकले. एक बूट पायात घातला आणि लेस बांधायला घेतली.

मागून नागुबाई त्यांच्यावर आदळलीच. दार पूर्ण अडलं.

"साहेब, काय करायलाव?"

"एक मिनिट, बूट..."

"बूट जळू द्या! जीव घेऊन चला आधी!" असं म्हणून नागुबाईनं हैदराबादच्या कंपनीचा दंड धरला आणि एका बुटावर, एका मोज्यावर, लंगडत लंगडत त्यांना बारदान्यावरून थेट लिंबाखाली नेलं.

तीन मिनिटांना थोडे सेकंद कमी होते. मडिवाळप्पा वाकले नसते, तर आणखी कमी झाले असते.

लिंबाखाली तीस बायका चपला घालून उभ्या होत्या आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या. तो कुणालाच जमत नव्हता. मडिवाळप्पा आपल्या एका मोज्याकडे बघत राहिले. शेषेरावांनी डोळे मिटून घेतले. मग साहेबांच्या तोंडून एक आवाज आला आणि तो हसण्याचा आहे, हे कळायला सगळ्यांना जरा वेळ लागला.

"माहीत असून थांबलो," ते मनिषाला म्हणाले. "बटण मीच दाबलं, बाई. आयतु, झालं ते झालं. हे पण लिहा."

"साहेबांचे बूट म्हणून?"

"पाहुण्याचे बूट म्हणून. नाव कशाला?" त्यांनी घसा खाकरला. "आता वर्षाचं मी देत नाही, शेषेराव. तीन महिन्यांचं देतो. पुढच्या वेळी न सांगता येईन. बारदाना तेव्हा कुठं असतो, बघू."

"तीनच महिने?" शेषेराव म्हणाले, पण त्यांचा चेहरा आधीच उजळला होता. बायकांमध्ये कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. नागुबाई मात्र खाली बघून म्हणाली, "ही बी चप्पल माझी न्हाई. कोण घालून गेलं माझी?"

मनिषानं बारदान्याच्या एका गाठीवर फाइल ठेवली. 'बदलांनंतर'च्या पुढे आकडा लिहिला, त्याखाली एक ओळ लिहिली: पाहुण्यांची पादत्राणेही लिंबाखाली ठेवावीत. आणि त्याखाली सही केली. गाठीच्या खडबडीतपणामुळे सही जरा वाकडी आली. एवढ्या दिवसांच्या सरावातली एकही तशी नव्हती.

परतीच्या एसटीत तिनं लॅपटॉप उघडला. तीस ठिपके वाट बघत होते. एकतिसावा टाकून तिनं त्याला दाराशी थांबायला लावलं. मागचे सगळे त्याच्यावर आदळले, आणि ते तिला फार आवडलं. मग तिला आणखी एक ठिपका हवा होता, जो मागून येऊन त्या थांबलेल्याचा दंड धरेल आणि ओढत नेईल. तसं करायची त्या प्रोग्रॅममध्ये सोयच नव्हती. तरी अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि ती अजून खटपट करतच होती.